आधी तारीख सांगा!

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. हिंजवडीत नोकरी, वर्षभर सुट्ट्या साठवून थर्टी फर्स्टला गोव्याला जायचा प्लॅन. हॅलो वगैरे काही नाही, थेट सुरुवात. "अगं, लूट चाललीय नुसती! जुलैत आम्ही जी गाडी बाराशे रुपये दिवसानं घेतली होती ना, तोच माणूस आता साडेचार हजार मागतोय. वर पाच दिवसांच्या खाली देतच नाही. गाडी तीच, काळी पाटी तीच, एसीसुद्धा तसाच अर्धवट चालणारा!"

मी नुसतं "हं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अगदी हाच डायलॉग मी स्वतः मारून बसलेय. तोही फोनवर नाही, समोरच्या माणसाच्या तोंडावर. नोव्हेंबर २०२४, दादाचं लग्न, मुलगी कोल्हापूरची.

लग्नघरात कामाची वाटणी होते तेव्हा फ्रीलान्सर माणसाचे काय हाल होतात ते ज्याचे त्यालाच ठाऊक. "तू काय, घरीच असतेस." एवढ्या एका वाक्यावर मला गाड्यांचं डिपार्टमेंट मिळालं. म्हणजे मी करवलीही आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजरही. वऱ्हाडासाठी सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर मी ऑगस्टमध्येच बुक करून टाकली होती आणि स्वतःवर जाम खूश होते. राहिली होती फक्त एक इनोव्हा, आजीसाठी. आजीचे दोन्ही गुडघे गेलेत, ट्रॅव्हलरची पायरी तिला चढता येत नाही. पण इनोव्हाचं टेन्शन नव्हतं, कारण आमचे इनोव्हा काका होते. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचं नाव तसंच सेव्ह आहे. हडपसरला राहतात, स्वतःची इनोव्हा स्वतःच चालवतात, शिवाय एक एर्टिगा आहे ती पुतण्या चालवतो. आत्याची काशीयात्रा सोडली तर आमच्या घरातली सगळी देवदर्शनं त्यांच्याच गाडीनं झालीत.

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली आणि सोमवारी, ४ नोव्हेंबरला, मी निवांत फोन लावला.

"काका, नमस्कार. कोल्हापूरला जायचंय, दोन दिवस. नेहमीचाच रेट ना?"

"ताई, आधी तारीख सांगा."

"बावीस जायचं, तेवीस रात्री परत."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

"सतरा हजार होतील. टोल वेगळा."

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. नेहमीचा रेट अठरा रुपये किलोमीटर. गाडी बाहेरगावी न्यायची तर दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात, गाडी तेवढी पळो वा न पळो. दोन दिवसांचे सहाशे किलोमीटर, म्हणजे दहा हजार आठशे. ड्रायव्हर भत्ता दिवसाला चारशे. एकूण अकरा हजार सहाशे. आणि हे म्हणतात सतरा! मी फोन ठेवला. म्हणजे नीट ठेवला नाही, कापला.

मग सुरू झाली माझी शोधमोहीम. सहा ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन केले. चौघांनी "गाडीच नाही" म्हणून सांगितलं. एकानं एकोणीस हजार मागितले. सहाव्यानं मला मॅडम म्हणत समजूत घातली, "मॅडम, इलेक्शन झाल्यावर लग्न नसतं का ठेवता आलं?" सेल्फ ड्राइव्हच्या ॲपवर तारीख टाकली तर सगळ्या मोठ्या गाड्या करड्या रंगात, म्हणजे 'सोल्ड आउट'. एकच हॅचबॅक शिल्लक होती आणि तिचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. सकाळी बघितला तेव्हा एक, दुपारी पुन्हा बघितला तेव्हा दुसरा, अर्थात वरचा.

आता जरा त्या आठवड्याची जुळणी बघा. विधानसभेच्या २८८ जागा आणि मतदान एकाच दिवशी, बुधवारी २० नोव्हेंबरला. निकाल शनिवारी, २३ ला. म्हणजे दादाच्या मुहूर्तालाच! पूर्वी टप्प्याटप्प्यानं मतदान व्हायचं तेव्हा एका भागातल्या गाड्या मोकळ्या होऊन दुसऱ्या भागात जायच्या. एकाच दिवशी मतदान म्हटल्यावर तो मार्ग बंद. अख्ख्या राज्यात प्रत्येक उमेदवाराला एकाच पंधरवड्यात गाड्या हव्या होत्या, आणि त्याही छोट्या नाहीत. कार्यकर्ते बसायला हव्यात, गाडीचा रुबाब पडायला हवा, गावातला रस्ता झेपायला हवा. थोडक्यात आजीला हवी होती तीच गाडी.

प्रशासनालाही गाड्या लागतातच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या १६० व्या कलमाखाली निवडणुकीच्या कामासाठी वाहनं ताब्यात घेता येतात. त्याचा मोबदला देतात, पण 'माझी गाडी लग्नाला बुक आहे' हे कारण तिथं कितपत चालेल ते तुम्हीच ठरवा. उमेदवारांच्या बाजूनं आणखी एक गंमत आहे. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे, आणि भाड्याच्या गाड्या त्यात धरतात. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात दरपत्रकं निघतात. चहा केवढ्याला, खुर्ची केवढ्याला, तसं कुठल्या गाडीचं दिवसाचं भाडं केवढं. म्हणजे राज्यात गाडीभाड्याचं चक्क सरकारी रेट कार्ड होतं आणि त्याच दिवसांत बाजारात गाडीच मिळत नव्हती.

या सगळ्यात तुळशीचं लग्न १३ नोव्हेंबरला सुरू झालेलं. चातुर्मासात अडलेली सगळी लग्नं एकदम सुटली होती. पुण्यातली कार्यालयं फुल, केटरर फुल, बँडवाले फुल. मग गाडीवाल्यांनी काय पाप केलंय?

पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द होता, लूट.

त्याच रात्री आत्येभावाशी व्हिडिओ कॉल झाला. तो न्यू जर्सीत असतो, लग्नाला येणार होता. माझी रडकथा ऐकून तो हसायला लागला. म्हणाला, "तुला हवाईची गोष्ट सांगितलीच नाही का मी?"

झालं होतं असं. २०२० मध्ये कोरोना आला आणि अमेरिकेत फिरणं एकदम थांबलं. भाड्यानं गाड्या देणाऱ्या कंपन्यांच्या पार्किंगमध्ये हजारो गाड्या नुसत्या उभ्या. उभी गाडी काय करते? हप्ता खाते. हर्ट्झसारखी बडी कंपनी २२ मे २०२० ला दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. सगळ्यांनीच मिळेल त्या भावाला गाड्या विकून टाकल्या. मग २०२१ उजाडलं, लशी आल्या आणि वर्षभर घरात कोंडलेला अमेरिकन माणूस बॅग भरून एकदम बाहेर पडला. कंपन्यांना गाड्या हव्या झाल्या, तर चिपच्या तुटवड्यामुळे कारखान्यांतून नव्या गाड्याच निघेनात. जून २०२१ मध्ये तिथल्या सरकारी महागाई निर्देशांकात गाडीचं भाडं आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ८७.७ टक्क्यांनी वर होतं. (आदल्या वर्षीचा जून अगदीच मेलेला होता, त्यामुळे आकडा जरा जास्तच भयंकर दिसतो, हे मान्य. पण भाव चढले होते ते खरंच.) हवाईत तर लोकांनी घरसामान हलवायचे यू-हॉलचे ट्रक भाड्यानं घेतले. आमचा हा आत्येभाऊ बायकोला घेऊन माउईला गेला होता. "बीचबाहेर ट्रक उभे, अगं! माणसं मागचा दरवाजा उघडून छत्र्या आणि टॉवेल काढतायत."

"मग तू काय केलंस?"

"आम्ही बस पकडली. ट्रकसुद्धा संपले होते."

मला त्याच्या बसमध्ये रस नव्हता. डोक्यात राहिलं ते पहिलंच वाक्य. उभी गाडी हप्ता खाते.

ही साधी गोष्ट भाड्याच्या धंद्यातल्या लोकांना फार लवकर कळलेली आहे. दुकानदाराची साबणाची वडी आज खपली नाही तर उद्या खपते. भाड्याच्या गाडीचा आजचा दिवस आज गेला नाही तर गेलाच. तो गोदामात ठेवता येत नाही. विमानाच्या रिकाम्या सीटसारखं आहे ते. म्हणूनच विमान कंपन्यांनी आधी ही युक्ती काढली, की मागणी किती येणार याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे रोज भाव हलवायचे. गाड्यांच्या धंद्यात तिचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली नॅशनल कार रेंटल. १९९३ मध्ये ही कंपनी गुंडाळायच्या बेतात होती. मालक जनरल मोटर्स तिला कंटाळली होती. तोपर्यंत भाव ठरायचे ते साधारण शेजारच्या कंपनीचा बोर्ड बघून. मग कॉम्प्युटरवर मागणीचे अंदाज बांधून कुठल्या शहरात, कुठल्या दिवशी, कुठली गाडी, किती दिवसांसाठी, केवढ्याला द्यायची ते ठरवायला सुरुवात केली, आणि कंपनी वाचली. आज आपल्या मोबाइलमधलं ॲप सकाळी एक आणि दुपारी दुसरा आकडा दाखवतं ते याच युक्तीचं नातवंड. ॲपच्या टॅक्सींना निदान कागदावर तरी लगाम आहे. केंद्राच्या नियमावलीत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतची परवानगी २०२० मध्ये होती, ती जुलै २०२५ मध्ये दुपटीपर्यंत नेली. आमच्या काकांच्या फोनला असा काटा नाही. ते पान उलटतात आणि आकडा सांगतात.

दुसऱ्या दिवशी एक 'तोड' चालून आली. कॉलनीतल्या कुणाच्या तरी ओळखीतला मुलगा. गाडी नवीकोरी, सेव्हन सीटर, बारा हजार सगळं मिळून. फक्त पाटी पांढरी. "रस्त्यात कुणी विचारलं तर पाहुण्यांची गाडी आहे म्हणून सांगा, बस." मी तर हो म्हणून मोकळी होणार होते. पाच हजार वाचत होते, बॉस!

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "ठोकली तर?"

तुमच्यापैकी कितीजणांनी असा प्रवास केलाय मला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्यानं घ्यायची. पांढरी पाटी म्हणजे खासगी, तिनं भाडं मारायचं नाही. आणि खासगी गाडीच्या विम्यात, गाडी भाड्यानं दिली असेल तर भरपाई नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मागणी चढली की अशा पांढऱ्या पाट्या गल्लीबोळातून उगवतात. पिवळ्या पाटीची गाडी चार दिवसांसाठी उगवत नाही, कारण तिला परमिट लागतं, पासिंग लागतं, महागडा विमा लागतो. त्या बारा हजारांत स्वस्त काय होतं, तर नेमकं हेच गाळलेलं होतं. आजीला त्यात बसवायला बाबा तयार नव्हते.

"चल," बाबा म्हणाले, "समोरासमोर बोलू."

काकांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर गाडी लावायला जेमतेम जागा. इनोव्हा नव्हती, ती प्रचाराला गेलेली. काकू चहा टाकायला आत गेल्या. काका घरात होते म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, पार्टीनं आपलाच ड्रायव्हर ठेवलाय. हे त्यांना आवडलेलं नव्हतं, ते दिसत होतं. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात म्हणजे जिवाला घोर.

आणि मी सुरू झाले. आम्ही इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक, घरातलंच कार्य, अठरा रुपयांचे एकदम अठ्ठावीस कसे होतात, डिझेल तर तेवढंच आहे, ही सरळसरळ लूट आहे काका. सगळं बोलून घेतलं. मास कॉमला असताना वक्तृत्वाची बक्षिसं उगाच नाही मिळवली.

काकांनी ऐकून घेतलं. मग उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं.

आपल्याकडच्या कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे असतात. काकांच्या कालनिर्णयवर त्यांचा अख्खा धंदा होता. ज्या दिवशी गाडी बाहेर, त्या चौकोनात निळ्या पेननं गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव. मे महिन्याचं पान निळंशार. जूनच्या मध्यापासून ते पांढरं पडत जातं. आषाढीचं पंढरपूर झालं की जवळपास कोरंच. श्रावणात थोडी देवदर्शनं, गणपतीला कोकणातली एक मोठी फेरी, आणि पितृपक्षात पंधरा दिवसांत तीन निळे चौकोन. त्यातला एक ससूनला जाऊन आलेला.

"ताई, गाडीचा हप्ता, विमा, टॅक्स, सगळं धरून महिन्याला चाळीस हजार पडतात. गाडी हलली नाही तरी पडतात. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग जाऊन दिवसाला सरासरी अडीच हजार सुटतात. किती दिवस पाहिजेत?"

सोळा. एवढं गणित मला येतं.

"जुलैचं पान बघा."

मी जुलैचे निळे चौकोन मोजले. नऊ. म्हणजे बावीस हजार पाचशे. खड्डा साडेसतरा हजारांचा. ते मे आणि नोव्हेंबरमधून भरायचे, पितृपक्षाचेही त्यातूनच, आणि या दोन महिन्यांत चार पैसे जास्त मिळाले नाहीत तर वर्ष उलटं पडतं. हे सगळं काकांनी ज्या सुरात सांगितलं त्या सुरात लोक पावसाबद्दल बोलतात.

पण माझं लक्ष एका चौकोनात अडकलं होतं. २० जुलै, शनिवार. आणि शेजारचा २१, रविवार. दोन्हीत निळ्या पेननं माझं नाव, पुढं 'महाबळेश्वर'. आणि त्याच्यावर तिरकी रेघ.

विसरलेच होते मी. खरंच विसरले होते. पाचजण मिळून पावसात महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. काका साडेनऊ हजार म्हणाले होते, तेही पावसाळा म्हणून उतरवून. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी एका मित्राला ॲपवर मान्सून ऑफर दिसली, दोन दिवसांचे चार हजार दोनशे, डिझेल आपलं. रात्री नऊ वाजता मी काकांना फोन करून सांगितलं होतं की प्लॅन बदलला. "बरं ताई, चालतंय," एवढंच ते म्हणाले होते. आम्ही मस्त जाऊन आलो. गाडी एवढी स्वस्त मिळाल्याबद्दल मी ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना कॉलर ताठ करून सांगत होते. तेव्हा ती लूट आहे, कुणाला तरी नाइलाजानं पडत्या भावात गाडी द्यावी लागतेय, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. स्वस्ताई आपल्याला आपली हुशारी वाटते.

काका त्या चौकोनाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना तो दाखवायचाही नव्हता. ते जुलै दाखवत होते आणि त्यात मी निघाले, इतकंच.

चहा आला. बाबांनी विचारलं, "पण सतराच का? पंधरा का नाही, वीस का नाही?"

हा खरा प्रश्न होता आणि तो मला सुचला नव्हता. काकांचं उत्तरही मी अठरा रुपये किलोमीटरच्या हिशेबात बसवू शकले नसते. झालं असं होतं की पार्टीनं गाडी ९ नोव्हेंबरपासून प्रचार संपेपर्यंत, १८ तारखेपर्यंत घ्यायची ठरवली होती. त्याआधीचे दिवस किरकोळ धरलेले. आता ते म्हणत होते, निकालापर्यंतच ठेवा. १९ ते २३, पाच दिवस, रोजचे चार हजार, डिझेल त्यांचं. वीस हजार रुपये. त्यातले मधले दोन दिवस आम्हाला दिले तर पार्टी पाचही दिवस दुसरीकडे जाणार होती, तुकडे करून त्यांना गाडी नको होती. आमच्या सतरा हजारांतून कोल्हापूरच्या जाण्यायेण्याचं डिझेल साधारण छत्तीसशे रुपयांचं गेलं की राहतात तेरा हजार चारशे. उरलेल्या तीन दिवसांत सहा हजार सहाशे सुटले तर काकांची बरोबरी होत होती.

म्हणजे ते आमच्याकडून मागत होते ते कोल्हापूरचं भाडं नव्हतंच. आमच्यासाठी जे सोडणार होते त्याचे पैसे होते. आणि तेही पूर्ण नव्हते.

"मग आम्हाला का देताय?" मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"एकवीसला सासवडचं एक लग्न आहे. जुळतंय." मग जरा थांबून, "निम्मा ॲडव्हान्स लागेल, ताई."

आमच्याकडून काकांनी ॲडव्हान्स कधीच घेतला नव्हता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना महाबळेश्वरचं काहीच माहीत नव्हतं. मी मोबाइल काढला आणि साडेआठ हजार तिथंच पाठवले. काकांनी पेन घेतलं आणि २२ आणि २३ च्या चौकोनांत आमचं नाव लिहिलं.

लग्न छान झालं. त्यावर मी वेगळा कॉलम लिहीन, मानपानावर तर दोन लिहीन. आजी इनोव्हात पुढच्या सीटवर बसून गेली आणि पूर्ण रस्ताभर काकांना गाडी हळू चालवायला सांगत होती. परतीला आम्ही शनिवारी दुपारी निघालो. तोपर्यंत निकालांचं चित्र स्पष्ट झालेलं. हायवेवर ठिकठिकाणी गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं. कराडच्या अलीकडे एका मिरवणुकीत आम्ही अडकलो. पुढं पांढऱ्या गाड्यांची रांग, सनरूफमधून माणसं बाहेर आलेली. इनोव्हाच्या काचेवर गुलाल पडला तशी आजीनं पदर नाकाला लावला.

मला मनात वाटत होतं की काकांना आता चुटपुट लागली असणार. या रांगेत त्यांची गाडी असती तर वीस हजार खिशात पडले असते. न राहवून मी तसं बोललेही.

काका वायपर चालू करत हसले. "ताई, प्रचाराचे पैसे रोजचे रोज मागून घ्यायचे असतात. शेवटच्या पाच दिवसांचे निकालावर असतात. निवडून आले तर देतात, वर पेढे देतात."

"आणि पडले तर?"

"फोन लागत नाही."

त्यांची पार्टी पडली होती. दुपारीच कळलं होतं त्यांना, कार्यालयात पंगत चालू असताना. त्यांच्याऐवजी ज्या मित्रानं पाच दिवस गाडी दिली होती त्याचे तोवर तीन फोन येऊन गेले होते.

खंबाटकीच्या घाटात आजी झोपली. घरी पोचायला साडेनऊ वाजले. काकांनी बॅगा उतरवल्या, आजीला हात धरून पायऱ्यांपर्यंत आणलं. मी उरलेले साडेआठ हजार दिले. टोलचे फास्टॅगचे मेसेज त्यांनी एकेक करून दाखवले, तेही दिले. गाडीच्या बॉनेटवर अजून थोडा गुलाल होता, तो त्यांनी फडक्यानं पुसला.

निघता निघता काच खाली करून म्हणाले, "मे महिन्यात काही आहे का घरात?"

"अजून ठरलं नाही काका."

"ठरलं की लगेच सांगा. पान भरत आलंय."